शाळेच्या इतिहासातला तुमचा परिच्छेद

सर,

मी तुमच्या शाळेचा माजी विद्यार्थी; वाणिज्य पदवीधर, व्यवसायाने लेखापाल, पन्नाशी ओलांडलेला. शाळेच्या स्मरणिकेसाठी तिचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातला तुमच्याविषयीचा परिच्छेद छपाईला देण्यापूर्वी तो तुम्हाला सांगणे मला आवश्यक वाटते. तुम्ही जाऊन बरीच वर्षे झाली, ही या पत्राची अडचण नाही. तुम्ही हयात असता तर मी ते लिहिलेच नसते.

आरंभीचा भाग सोपा होता. नोकरीनिमित्त इथे जबलपुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी ओमती नाल्याजवळ भाड्याच्या खोल्यांत शाळा काढली, पुढे सरकारी अनुदान आले, इमारत झाली, हिंदी तुकड्या वाढल्या आणि मराठी एकच उरली. ती टिकावी म्हणून मुख्याध्यापक असूनही तुम्ही दर उन्हाळ्यात सायकलवरून मराठी घरे पालथी घालत होता. पाचवीचा निकाल लागला की सर येणार, हे सगळ्यांना ठाऊक असे. लग्नाला मुलगी मागावी तसे तुम्ही मूल मागत होता.

आमच्या अधारतालच्या घरी तुम्ही आलात तो दिवस मला दिसतो. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला आहात, रुमालाने मान पुसत आहात. वडिलांनी माझ्यासाठी मिशनच्या इंग्रजी शाळेचा अर्ज आणून ठेवला आहे. आपल्या भाषेत शिकलेले मूल कुठेही मागे पडत नाही, असे तुम्ही त्यांना शांतपणे पटवून देता आणि वडील अर्जाची घडी करून तो बाजूला सारतात. पन्ह्याचा पेला तुमच्या हाती देताना आई विचारते, "सर, तुमचा मुलगा तर तिकडेच घातला तुम्ही. काहून?"

"त्याची गोष्ट वेगळी आहे, वहिनी."

सरांना असे विचारतात का, म्हणून तुम्ही गेल्यावर वडील आईवर रागावले. मी तुमच्या शाळेत आलो. आईचा प्रश्न मात्र घरोघर पोचला होता. पुढच्या उन्हाळ्यात तो तुम्हाला प्रत्येक दारात ऐकावा लागला. आमच्यामागे सहावीत कोणी आले नाही. आम्ही बाहेर पडलो आणि तुकडी बंद झाली. कॉलेजात पहिल्या दिवशी प्राध्यापक इंग्रजीत काय बोलत होते ते मला कळले नाही. शेजारी तुमचा मुलगा बसला होता. तो मला हळू आवाजात हिंदीतून समजावून सांगू लागला, आणि वर्षभर सांगत राहिला. त्याचे आभार मी कधीही मानले नाहीत.

परिच्छेदात मी एवढेच लिहिले आहे की मराठी तुकडी तुमच्या कारकिर्दीत बंद झाली आणि तुमचा स्वतःचा मुलगा त्या शाळेत शिकला नाही. स्मरणिकेच्या समितीला यातले पहिले विधान चालते, दुसरे नाही. "स्मरणिका आहे ही भैया, तुम्ही तर ऑडिट करून राहिले," असे अध्यक्षांनी मला सर्वांदेखत सुनावले. शेवटी तुमच्या मुलाची हरकत नसेल तरच ते वाक्य ठेवावे, असे ठरले. म्हणून काल मी त्याच्याकडे गेलो.

त्याने परिच्छेद दोनदा वाचला.

"रहने दो भैया, खरंच आहे," तो म्हणाला. "मी तर खूप रडलो होतो तेव्हा. मला बाबांच्याच शाळेत जायचं होतं."

वाक्य आता छापले जाईल. मात्र एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. तो चिडेल, तुमची बाजू घेऊन भांडेल, असे मी धरून चाललो होतो, किंबहुना तशी माझी इच्छाच होती. त्यासाठी किती वर्षांची उत्तरे मी तयार ठेवली होती. त्यांतले एकही त्याला देण्यासारखे नव्हते.

मराठी तुकडीच्या शेवटच्या वर्गातला,
आपला एक विद्यार्थी
जबलपूर, रविवार