लाकूड उघडेपर्यंत

२ मार्च, रविवार

आज घोडेगावला मुलगी पाहिली. वृषाली. मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मला आवडली. आजवर मुली पाहताना मनात कायम काहीतरी मोजमाप चालू असायचं, आज ते विसरलोच. चहा दिल्यावर ती आत पळाली नाही. माझ्या आईशेजारी बसली आणि बीपीची गोळी कुठली घेता म्हणून विचारलं. आईने पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. दोघींचं तिथेच जमलं.

आधीची स्थळं फिसकटली कारण मुलींना म्हणे शेतकरी नवरा नको. खरं कारण, त्या मुलींना माणसाची पारख नव्हती. म्हणून यंदा रामनाथकडून नवा बायोडाटा करून घेतला. रामनाथ म्हणजे माझा दोस्त, ओतूरला झेरॉक्सचं दुकान, जोडीला स्थळं जुळवतो. त्यात टाकलं, छंद : गिटारवादन. आमच्या अख्ख्या डिंगोऱ्यात गिटार वाजवणारा दुसरा नाही. कॉम्पिटिशनच नाही.

वृषालीच्या मामांनी, बाळासाहेबांनी, नेमकं तेच धरलं. गिटार कुठवर आलीय म्हणाले. म्हटलं, बरीच. मग पुढच्या येळंला घिऊनच या की पावणं, आमी बी ऐकू, म्हणाले. वृषाली हसली. चौकशी करून कळवतो, असं ठरलं.

एकच तांत्रिक अडचण. माझ्याकडे गिटार नाही.

५ मार्च

यूट्यूबवर सखोल अभ्यास. गिटार दोन जातींची. सॉलिड वुड, म्हणजे अख्ख्या लाकडाच्या फळीची. आणि लॅमिनेट, म्हणजे सरळ भाषेत प्लायवूड. प्लाय मेलेलं असतं. सॉलिड लाकूड जिवंत असतं, वाजवत गेलं की हळूहळू उघडतं आणि आवाज वर्षागणिक गोड होतो. माणसांचंही असंच. शेजारच्या सोपानकाकांच्या पोराचं गेल्या वर्षी लग्न झालं. प्लायवूड.

निश्चय : घेईन तर सॉलिडच. बजेट एका बऱ्यापैकी बोकडाएवढं. एवढ्यात सॉलिड मिळत नाही असं सगळे व्हिडिओवाले सांगतात. शहरातली माणसं. घासाघीस येत नाही त्यांना.

निश्चय दुसरा : रोज पहाटे पाचला उठून बोटांचा व्यायाम.

६ मार्च

उठलो नाही. गिटार यायच्या आधीच बोटं कशाला झिजवा.

९ मार्च, रविवार

नारायणगावला वाद्यांच्या दुकानात जाऊन आलो. टॉप, म्हणजे वरची फळी, सॉलिड आहे का विचारलं. नाही साहेब, प्लाय आहे, या पैशात सॉलिड नाही येत, पण शिकायला ही लई झाली, म्हणाला. वर विचारतो, वाजवता येतं का? म्हटलं, प्रश्न लाकडाचा आहे. अशा माणसांमुळेच आपल्याकडे धंदे चालत नाहीत. गिऱ्हाईक समोर उभं आणि हा स्वतःच्या मालाला प्लाय म्हणतो.

१६ मार्च, रविवार

घेतली! आळेफाट्याला, भरतच्या गॅरेजमध्ये मिळाली. कोणीतरी ट्रकवाला ठेवून गेला तो परत आलाच नाही. मी तोंड उघडायच्या आत भरत म्हणाला, राव, गिटार लई सॉलिड हाय. मी विचारायच्या आधी! याला म्हणतात जाणकार. तरी पण तपासून घ्यावं म्हणून विचारलं, आणि मागची बाजू? म्हणाला, मागनं तर आजून सॉलिड. आणि साइडच्या पट्ट्या? परवा टायरच्या थप्पीवरनं खाली आली, टवका बी नाय उडाला, इतकी सॉलिड, म्हणाला.

म्हणजे ऑल सॉलिड. व्हिडिओत असल्या गिटारीच्या किमती ऐकून माणूस खाली बसतो. मी बोकडाच्या पैशात आणली, वर चहा त्याच्याकडूनच प्यायलो.

घरी येऊन गिटारीच्या भोकाच्या कडेला टॉर्च मारून पाहिलं, कारण तिथे लाकूड ओळखू येतं. एकावर एक तीन थर स्पष्ट दिसले. एकाच्या पैशात तीन लाकडं.

१७ मार्च

तासभर सराव. बोटांची सालं निघाली. तारा भलत्या कडक. आता थोडे दिवस हात लावणार नाही. लाकूड नव्या हवेत आलंय, त्याला रुळू द्यावं.

२३ मार्च

रामनाथचा फोन. घोडेगावकडून कोणीतरी गुपचूप चौकशीला येणार आहे, जरा नीट राहा, म्हणाला. पोरगी तयार दिसते, पण तिच्या घरचे चौकशीशिवाय पुढे सरकत नाहीत. म्हटलं, येऊ दे. माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

रात्री वृषालीचा फोटो पाहिला. ती या घरात आली तर मी खरंच पहाटे उठेन.

२ एप्रिल

गंभीर बाब. सॉलिड लाकडाला हवेत ओलावा लागतो, नाहीतर उन्हाळ्यात ते उभं तडकतं. प्लायला काही होत नाही, पण आपली पडली खानदानी. इथे तर उन्हाने माणसाचे ओठ फाटतात.

घरात कूलर एकच, तो आईच्या खोलीत. आईला उन्हाळ्यात दम लागतो म्हणून माझ्या बहिणीने, रत्नाताईने, सासरहून, आण्याहून पाठवलेला. खिडकीला पक्का बसवलाय, हलत नाही. म्हणून गिटारच आईच्या खोलीत नेली. आई म्हणाली, ठिव की, ती काय जागा खाती का.

४ एप्रिल

खाते. आई रात्रीतून दोनदा उठते, दार उघडते, सगळा ओलावा बाहेर. शिवाय छातीला बाम लावते, त्याची वाफ पॉलिशला वाईट. तिला समजावून सांगितलं की पडवीत वारा छान असतो. म्हणाली, मला भाईर निजायला काय न्हाई, पर बिबट्या लई हिंडतोय, सोपानची कालवड नेली गेल्या आठवड्यात. म्हटलं, कालवड आणि माणूस यातला फरक बिबट्यालाही कळतो.

बाज मी स्वतः बाहेर काढून दिली. उशाला काठी ठेवली, आला तर वाजवायला परात दिली. शेवटी हे सगळं तिच्याच सुनेसाठी चाललंय.

६ एप्रिल

वनखात्याची जीप वस्तीवरून फिरली. बाहेर झोपू नका, म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना आत घ्या, असं भोंग्यावरून सांगत होते. आईने ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कूलरमध्ये पाणी भरायला गेलो.

१३ एप्रिल, रविवार

आजचा दिवस मोठा. दुपारी एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून आले. कांदा बघायचा म्हणाले, पण कांद्याकडे धड बघेनात. आई बाजेवर पडून होती, छातीवर ओला पंचा. तिच्याशीच बोलत बसले. तिने विचारलं, कुठलं पावणं? घोडंगावकडचा हाय, म्हणाले. माझे कान टवकारले. म्हणजे माझ्या गिटारीची बातमी पार त्यांच्या आंबेगाव तालुक्यात पोचली!

त्यांना आत नेऊन खोली दाखवली. काय गार वाटलं त्यांना! इथं निजतं कोण, विचारलं. म्हटलं, कोणी नाही, गिटार असते. आणि म्हातारी? म्हटलं, पडवीत, वाऱ्याला. बिबट्याचं भ्या न्हाई? म्हटलं, परात दिलीय. मग त्यांना सॉलिड आणि लॅमिनेटमधला फरक पहिल्यापासून सांगितला. माणूस जिज्ञासू. एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, वाजवा की जरा. म्हटलं, लाकूड अजून उघडलेलं नाही, आत्ता वाजवणं त्याच्यावर अन्याय आहे. कळलं, म्हणाले.

जाताना आईला म्हणाले, आक्का, जिवाला जपा. कांदा घेतलाच नाही. बहुधा गिटारीसाठीच आले होते.

१८ एप्रिल

घोडेगावहून काही निरोप नाही. साहजिक आहे. मी गिटार घेऊन कधी येतो याची ते वाट पाहत असणार. मान ठेवतात कलाकाराचा. जाऊन सरळ गाणंच म्हणायचं असं ठरवलंय. त्यासाठी फक्त तीन कॉर्ड लागतात. एक जवळजवळ येते.

आईच्या खोकल्याने सरावात व्यत्यय येतो. आज तीनदा टाकून उठावं लागलं.

रामनाथ फोन उचलत नाही. लग्नसराईचे दिवस, बिझी असणार.

२२ एप्रिल

सकाळी उठलो तर आई बाजेवर बसूनच होती. अंगणातल्या पाण्याच्या घमेल्याकडे बोट दाखवलं. भोवती पंजे उठले होते, माझ्या तळहाताएवढे. बाजेपासून बैलगाडीभर अंतर. आईने सांगितलं, आला, पाणी प्याला, माझ्याकडं बघितलं अन् गेला. परात वाजवावी म्हनलं तर हात उचलंना, आन् दम इतका लागला की हाक निघंना.

मी धावत आत गेलो. गिटार सुखरूप.

नंतर लक्षात आलं की आईसाठी चहा ठेवायला हवा होता. पण तोवर सोपानकाकांकडून तिच्यासाठी चहा आला होता. आल्या आल्या काकूंनी खोलीत डोकावून पाहिलं, कूलर बघितला, आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. लोकांना दुसऱ्याच्या घरात फार इंटरेस्ट.

२४ एप्रिल

रत्नाताई आण्याहून जीप घेऊन आली. सोपानकाकूंनी कळवलं असणार. दारातच सुरू झाली. गिटारीला कूलर अन् आईला बिबट्या? तुला लाज न्हाई का रं? कूलर मी आईला दिला व्हता का त्या खोक्याला? मी शांतपणे ओलाव्याचा मुद्दा मांडला. तिने पायातली चप्पल काढली. ताई पहिल्यापासून भावनेच्या भरात बोलते.

आईला घेऊन गेली. पिशवी भरताना आई म्हणाली, कूलरमधलं पाणी संपू देऊ नको बाबा, न्हाई तर मोटर जळंल. जीपमध्ये चढायला तिला दोन वेळा थांबावं लागलं. मी हात दिला असता, पण ताई मध्ये उभी होती.

घर आता निवांत आहे. सरावाला उत्तम. उद्यापासून पहाटे पाच.

२७ एप्रिल

नाही जमलं.

४ मे, रविवार

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. वृषाली.

तिनेच नंबर शोधून काढला होता. म्हणाली, रामनाथरावांना तुम्हाला सांगायला जड जातंय, पण तुम्हाला लटकत ठेवणं बरं नाही. माझं नगरकडे ठरलंय. पुढच्या रविवारी साखरपुडा.

मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, गिटार कमी पडली का? कमी पडायचा प्रश्नच नव्हता, म्हणाली. गिटार बरीच आलीय म्हणून तुम्ही मामांना सांगितलं तेव्हा तुमचे कान लाल झाले होते. तेव्हाच कळलं की तुम्हाला ती वाजवता येत नाही. त्याच दिवशी मी घरी हो म्हटलं होतं. खोटं धड बोलता येत नाही असा माणूस मला चालेल, असं सांगितलं होतं सगळ्यांना.

मग चौकशीला चुलते आले होते, म्हणाली. गेणभाऊ. तुमच्याकडे कांदा बघायला आलेले. घरी येऊन त्यांनी बघितलं तेवढं सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. मी म्हटलं, असं नसेल, त्यांचं काहीतरी चुकलं असेल. तर ते म्हणाले, मला त्याने स्वतः फिरवून दाखवलं.

एवढं सगळं ती न रागावता बोलली. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मला तिची आत्ता, या क्षणी, पहिल्यापेक्षा जास्त ओढ वाटते. हे लिहूनही काही उपयोग नाही.

मग तिने विचारलं, आई आता आत झोपतात ना?

म्हटलं, हो. आतच आहे. कूलरपाशी. आत्ता तिचा डोळा लागलाय.

एकदम सरळ बोललो. कुठे अडखळलो नाही, कान गरम झाले नाहीत. तिला खरं वाटलं. लगेच ती हळू आवाजात बोलायला लागली. बरं वाटलं ऐकून, म्हणाली. उठवू नका त्यांना, झोपू द्या. आणि तिने फोन ठेवला.

घरात मी एकटा. तरी मोबाइल टेबलावर ठेवताना आवाज होऊ दिला नाही.