नऊ कोऱ्या सीड्यांची व्यवस्था

मी, सेराफिना दाबुओ, वय सत्तावीस, अविवाहित, राहणार कोगले, नांदोमजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मूत्रपिंडं गेली आहेत, असं ‘वा’ नावाच्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही; उलट आई म्हणते, असलं काही लिहूच नकोस.

१. सायकल माझा भाऊ बायोर याला. कपडे आईने हवे तसे वाटावेत. पदवीचं प्रमाणपत्र वडिलांना भिंतीवरच हवं आहे. राहू दे, पण पाहुण्यांना त्याच्यासमोर उभं करू नये. घरात पहिल्यांदा शिकलेल्या मुलीने काय केलं, ते पुढच्या कलमात आहे.

२. लोखंडी पेटीत एकतीस सीड्या आहेत. चार वर्षांत गावातल्या एकतीस मयतींमध्ये जे गायलं गेलं, गिलवर, म्हणजे आमच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर, जे वाजलं, ते त्यांवर होतं. आमच्याकडे शोकगीत मयतीशिवाय गात नाहीत. उगाच गायलं तर मरणाला घरी बोलावल्यासारखं होतं. म्हणजे त्या दिवशीचं गाणं त्या दिवशीच. ते राहावं म्हणून मी रेकॉर्डर उसना आणायचे, सीडीवर उतरवायचे आणि रेकॉर्डर रिकामा करून परत द्यायचे. यातल्या सव्वीस सीड्या आता कॉम्प्युटर ओळखतही नाही.

३. याबद्दल बाजारातल्या विक्रेत्याला कोणी बोल लावू नये. कॉलेजातल्या कुउसाना सरांनी मला बजावलं होतं, की सोनेरी थराच्या घे, थोड्याच घे आणि सावकाश उतरव. मी त्यांना ऐकवलं, की एका सोनेरीऐवजी दहा साध्या येतात, म्हणजे गावातली दहा माणसं राहतात. मी बिननावाच्या पन्नासांचा गठ्ठा घेतला. दिव्यासमोर धरल्यावर त्यांतून सुईच्या टोकाएवढा उजेड येत होता. मला वाटलं, धूळ असेल. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून सगळ्यात जास्त वेगाने उतरवल्या. पुन्हा वाजवून एकही पाहिली नाही.

आणि नावं. मेलेल्याचं नाव आईच्या कुळासकट घ्यायची आमची रीत. एवढं सीडीवर मावेना, म्हणून मी सुंदर अक्षरात कागदावर लिहून ते वर चिकटवलं. हरमतानचा कोरडा वारा सुटला, कागद वळले आणि खालचा चंदेरी थर घेऊन उठले.

४. देर काका गिल वाजवत. स्वतःच्या आईच्या मयतीत ते वाजवता वाजवता तिच्याशी गाण्यातून बोलले होते. गेल्या वर्षी ते वारले. त्यांची बायको अयुओ काकू पितोचं, म्हणजे ज्वारीच्या दारूचं, मडकं घेऊन, मुलींना घेऊन त्यांचा आवाज ऐकायला आली. मी त्या मयतीच्या सीडीवरच्या कागदाचं टोक दाबायला गेले तर आवाजासकट थर हातात आला. तरी सीडी आत घातली.

काकू म्हणाली, "मशीन दमलं असेल गं. उद्या येते मी."

ती पाच दिवस आली. मी पाचही दिवस मशीन दमल्याचंच सांगितलं. ही सीडी कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर पुरावी. आणि काकूला खरं काय ते सांगावं. मला जमलं नाही.

५. चालणाऱ्या पाच सीड्या बायोरने सरांकडे न्याव्यात. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. दोन दोन प्रती करून दोन घरांत ठेवाव्यात.

६. सोनेरी सीड्या मी शेवटी घेतल्या, एकाच खोक्यातल्या दहा. एकीवर माझंच वाचन उतरवून ती तीन महिने छपरावर उन्हात ठेवली. ती अजून वाजते. उरल्या नऊ. कागद लावू नये. मधल्या पारदर्शक कड्यावर मऊ टोकाच्या पेनने फक्त नाव लिहावं. पूर्ण वाजवून पाहिल्याशिवाय रेकॉर्डर रिकामा करू नये.

माझा बेत असा होता, की निदान माझ्या मयतीचा उपयोग व्हावा. जुनी गाणी येणारे आता एकटे झियेम आजोबाच उरले आहेत. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, माझ्या वेळी देर काकांचे ते शब्द गा, बायोर उतरवून घेईल.

आजोबा म्हणाले, "तू मेलीस तर तुझंच गाईन. दुसऱ्याची आई तुझ्या मयतीत कुठून आणू?"

"माझं काय गाणार आजोबा? नवरा नाही, मूल नाही, शेत नाही."

"मग लवकर संपेल."

म्हणून एक सीडी माझ्यासाठी, बायोरचा हात स्थिर राहिला तर. बाकी आठ माझ्यानंतर जाणाऱ्यांसाठी.

हे सगळं साक्षीदारांना वाचून दाखवलं. अंगठा उठवण्याआधी झियेम आजोबांनी विचारलं, "आणि माझ्या वेळी गाणार कोण?" प्रश्न त्यांच्या सांगण्यावरून इथे लिहून ठेवला आहे.

साक्षीदार: झियेम कुउनूओ (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार: बायोर दाबुओ (सही)
लिहून देणार: सेराफिना दाबुओ (सही)
कोगले, १९ जानेवारी २०११