किटलीच्या मुठीपाशी

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. सोमवारी सकाळी सव्वाअकराला साच्यातून पहिली किटली निघाली आणि माझं सगळं फिरलं. मुठीच्या जोडावर अंगठा बसेल एवढा खड्डा!

कॉम्प्युटरवर त्या जोडाशी मी नऊ दिवस झटलो होतो. किटलीचं पोट आणि मूठ हे दोन वेगळे पृष्ठभाग. कुठे मिसळले ते कळूच नये, हे माझं काम. तपासायला मॉडेलवर काळे-पांढरे पट्टे पाडतात, जोड कच्चा असला की ते तुटतात. माझे कसे सरळ वाहत होते! पण जोड भरदार केला की प्लास्टिक जाड होतं, आणि जाड प्लास्टिक थंड होताना खचतं.

फाइलवर तपासनिसाची एकही सूचना नाही, म्हणून साहेबांनी खापर फाइल तपासणाऱ्या तिच्यावर फोडलं. तिच्यावर म्हणजे तिच्यावरच, जिच्यापायी मी कॉलेज अर्धवट सोडून इथे चिकटलो. मी टेबल आपटून सांगितलं, तिची चूक नाही. ती मान खाली घालून बसली होती. आईला यातलं कळू देऊ नकोस.

माया कमी करू नकोस.
तुझा भाऊ

ता. ७ मार्च

चि. भडकूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. हे म्हणाले, मेव्हणे टेबल आपटायला लागले, म्हणजे साहेब होणार लवकरच. आईचे गुडघे बरे आहेत, तुझ्या नावाने बोलणं तेवढं थांबत नाही.

मला तुझ्या पट्ट्यांतलं काही कळत नाही. पण लहानपणी कप फोडलास की घरात सगळ्यांत मोठ्याने तूच ओरडायचास. ती तपासताना खरंच काही म्हणाली नव्हती का? मला काय ते नंतर लिही, आधी तिथे सांग.

जेवत जा, आणि आमची आठवण असू दे.
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणाली होती. लाल अक्षरांत लिहिलं होतं, जोड आतून पोकळ कर. म्हणजे सगळा पुन्हा बांधायचा. तोच जोड बघून ती एकदा ‘वा’ म्हणाली होती गं, मला मोडवेना. मी तिची सूचना पुसली आणि फाइल साच्याला धाडली.

आज साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, तिचा राजीनामा कालच घेतला, प्रकरण मिटलं. तुझा हात चांगला आहे, गुपचूप पोकळ कर आणि नवी फाइल दे.

ती खण आवरत होती. सूचना पुसल्याचं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, जुनी फाइलही तिच्याकडे होती. मी आपणहून बोलेन म्हणून आठवडाभर थांबली, असं म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही. मीही नोकरी सोडतो म्हटलं, तर म्हणाली, तिच्यासाठी मी आता आणखी काही सोडू नये.

लोभ वाढवावा असं आज लिहवत नाही; आहे तो काढून घेऊ नकोस.
तुझा भाऊ

ता. क. नोकरीचं विचारशीलच. ती गेल्यावर मी कोऱ्या कागदावर लिहिलं, सूचना मी पुसली. खाली सही केली आणि साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचून चुरगाळलं. मी दुसरा कागद लिहिला, सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर चिकटवला, कायमचा बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.