स्वतःचे पाय

३ नोव्हेंबर
पोचलो. ज्वालामुखीच्या उतारावरची ही खोली एका माणसाला पुरून उरेल. कॉट, तिच्या हाताशी टेबल, फोन, भोंग्याचं बटण; कोपऱ्यात स्टोव्ह. यंत्र जमिनीखाली, त्याचा काटा टेबलावर, कागदावर रेघ ओढणारा. डोंगराच्या पोटात हादरे वाढले की भोंगा द्यायचा, म्हणजे खालचं गाव रिकामं होतं. गावात ताई राहते, दोन पोरांसकट. हसत म्हणाली, आता आमचा जीव तुझ्या हातात, झोपा काढू नकोस.

चाललं की माझीही पावलं कागदावर उमटतात. मला सोडायला आलेल्या इंजिनिअरने आधीच्या पहारेकऱ्याचा कागद दाखवला: एक ठोका मोठा, एक लहान. लंगडा होता. उन्हाळ्यात वर वाफ बघायला गेला, परतला नाही. फळीवर त्याचा कप आहे.

९ नोव्हेंबर
थंडी फार. ऊब यावी म्हणून दोरीवरच्या उड्या मारल्या. वळून पाहतो तर काटा थयथयाट करतोय. काही न सुचून भोंगा दाबला. अख्खं गाव पावसात रस्त्यावर. इंजिनिअर फोनवर म्हणाला, महाराज, नाचायची हौस असेल तर खाली येऊन नाचा. यापुढे पावलांसारखं काही दिसलं की ‘स्वतःचे पाय’ लिहून मोकळं व्हायचं.

१३ नोव्हेंबर
ताईचा फोन नाही. कागदावर पावलं. लिहिलं, स्वतःचे पाय. मग आठवलं, सकाळपासून मी कॉटवरून उठलेलो नाही.

१६ नोव्हेंबर
एक मोठा, एक लहान. इंजिनिअर म्हणाला, एकटेपणा आहे, चहा करून घ्या. ठोके रोज ठळक होतायत, म्हणजे जमिनीखालून जवळ. वर येतायत.
कोणीतरी येतंय, याचं बरं वाटलं. फळीवरचा कप धुऊन टेबलावर ठेवला.

१७ नोव्हेंबर
हादरेच आहेत. लंगडे का असेनात. आणि मी लिहीत बसलो, स्वतःचे—
भोंगा दिला. खाली कोणी हललं नाही. ताईचा फोन: परत नाचतोयस का? म्हटलं, पाय कॉटवर आहेत गं, पोरांची शपथ. ती शेजाऱ्यांना हाका मारू लागली. मग खिडकीतून गाड्या निघताना दिसल्या. तूही उतर, म्हणाली.

उतरतो. दारापर्यंत गेलो. सवयीने मागे पाहिलं. रेघ सरळ.
पाय आपटले. सरळ.
माझी पावलं उमटत नाहीत.

कप हलला. मी टेबलापासून लांब— काटा— एक मोठा, एक