शीतलचे बुडणारे पाय

३ सप्टेंबर, बुधवार
पाण्यावर उताणे पडले की छाती तरंगते, पाय मात्र हळूहळू खाली जातात. शरीर एकच, पाणी एकच. मग असे का? आज पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्यांवर महाविद्यालयाच्या चौघी मुलींना आकृती काढून भौतिकशास्त्राचा हा धडा समजावला. छातीत हवा, म्हणून पाणी आपल्याला छातीपाशी उचलते. वजनाचा मध्य मात्र कमरेजवळ. पाय खाली जाणारच. पोहताना मान वर काढली की आणखी खाली.
तिघींनी तोंड पाण्यात घातले, पाय वर आले. शीतलचे नाही. चितेगावच्या विहिरीत शिकलेली, दम भरपूर. पण मान उंच, नजर काठावर. निलोफर ओरडली, "शीतल, ऊपर क्या देख रही? चाँद निकला क्या?" शीतल हसली आणि नाकात पाणी गेले.

६ सप्टेंबर, शनिवार
आपल्या महाविद्यालयात पोहणाऱ्या मुली चारच; रिलेलाही चारच लागतात. मुलींचा संघ प्रथमच उतरतो आहे. शीतलच्या वाट्याला शंभर मीटर. पन्नासनंतर पाय जड होतात, ती दोन रांगांमधली दोरी धरून स्वतःला पुढे ओढते. स्पर्धेत असे केले तर चौघीही बाद. प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, नाव मागं घ्यायचं तर गुरुवारपर्यंत सांगा."
पुन्हा आकृती काढली. शीतलने तीच मला उलट समजावून दिली, अगदी अचूक. मग पाण्यात उतरली, आणि मान वर!
"अगं, कळतंय ना?"
"कळतं, मॅडम. पन खाली बघितलं की वर कोन हाय ते कळत नाय."
दिवसभर हेच डोक्यात.

९ सप्टेंबर, मंगळवार
शीतलचे वडील पहिली पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच आले. "म्याच शिकवलं तिला. पाठीला डबा बांधून हिरीत सोडली. लई रडायची. मंग म्हनलं, माझ्याकडं बघ, मी हाय तवर बुडत नाय तू."
मुलगी आजवर तेच करत आली होती! त्यांना एक विनंती केली. ते काठावर उकिडवे बसले.
"शितले, खाली बघ. मी हितंच हाय, उठत नाय."
तिने तोंड पाण्यात घातले. टाचा दिसल्या! पंचाहत्तरपर्यंत दोरीला हात नाही. निलोफर म्हणाली, "अंकल, रोज आना. चाय मेरी तरफ से." चहा मीच पाजला.

११ सप्टेंबर, गुरुवार
शंभर एकदा पूर्ण. दुसऱ्यांदा दोरी. तरीही प्रशिक्षकांना कळवले, नावे राहू द्या.

१४ सप्टेंबर, रविवार
उद्या स्पर्धा. वडिलांना पाळी बदलून मिळाली नाही. काठावर ते नसतील. शीतल एवढेच म्हणाली, "बघू, मॅडम."
सराव संपल्यावर मुलींनी मलाच उथळ पाण्यात उतरवले. इतकी वर्षे हा धडा फळ्यावर शिकवला, पाण्यावर कधी पडले नव्हते. भीती वाटली. शीतल शेजारी उभी राहिली. "वर बघा, मॅडम. मी हाय हितं." या मुलींनी मला काय काय दिले...
प्रथम वर्षाला सांगायचे: कमरेएवढ्या पाण्यात, ओळखीचे, पोहता येणारे कोणी शेजारी घेऊन, उताणे पडा. हात मांड्यांपाशी, पाय खाली जाऊ लागतील. आता हात सावकाश डोक्यामागे लांब करा, म्हणजे वजनाचा मध्य छातीकडे सरकेल. थांबा. पायांची बोटे वर येतात का, पाहा.