पुढचं चाक लावून ठेवलंय

अहो,

तुम्ही उठाल तेव्हा मी निघालेली असेन. सायकलचं पुढचं चाक शेजारच्या वहिनींच्या माळ्यावर होतं, मीच लपवलं होतं. पाच दिवस तुम्ही सगळं घर धुंडाळलंत, पण मला एका शब्दानं विचारलं नाहीत. बिनचाकाच्या सायकलची चेन मात्र रोज पुसत बसलात. ते मला बघवेना. चाक काल लावलंय. हवा आणि ब्रेक तेवढे बघून घ्या, माझ्या हाताचा भरवसा नाही.

डॉक्टरांना पुन्हा भेटून आले. तुमच्या हृदयाच्या ऑपरेशनला वर्ष झालंय, तेव्हा साठ किलोमीटर रमतगमत चालतील म्हणाले. आजच्या दोनशे किलोमीटरच्या सायकल-फेरीचं नाव काढलं तर चष्म्यावरून नुसते बघत राहिले.

साठाव्या किलोमीटरच्या थांब्यावर तुम्हा सायकलवाल्यांच्या कार्डांवर पोचल्याचे शिक्के मारायला माणूस हवं होतं. मी नाव दिलंय. तुमच्या कार्डावर शिक्का पडला, की सायकल टेम्पोत आणि तुम्ही माझ्या शेजारी. पुढचे रकाने कोरे राहतील, राहू देत. तुमचे दोस्त ‘काका, चला की!’ म्हणून चढवतील. चारचौघांत मी तुम्हाला अडवणार नाही, तुमचं तुम्हीच उतरायचं.

डब्यात दोन केळी आहेत. गोळी उपाशीपोटी घेऊ नका.

शिक्का मारताना तुमचं मनगट जरा जास्तच वेळ धरीन. या वयात हिला काय सुचतंय, असं लोकांना वाटेल. वाटू दे. मी ठोके मोजत असेन.