हलगी दारात, बाकीचे स्टेजवर

आप्पा,

तुम्हाला राग येईल असं एक सांगायचं आहे, पण त्याआधी माझा राग ऐकून घ्या. गेल्या महिन्यात हायवेवरच्या एका नव्या हॉलच्या दारातनं मी सामान उचलून परत आले, आणि तेव्हापासून भाकरी थापताना, स्कूटर चालवताना, बँकेत लोकांचे चेक बघताना मी मनातल्या मनात त्या मॅनेजरशी भांडते आहे. परवा तर काउंटरवरच्या एका म्हाताऱ्याला मोठ्यानं विचारलं, "ते तसंच असतंय म्हणजे काय ओ?" बिचारा पासबुक घेऊन मुकाट गेला. आई विचारते, "कुणासंगं भांडालीस गं?" तिला काय सांगू? हे भांडण ऐकायला तुम्हीच हवे होता.

तर मी हलगी वाजवते. होय, हलगीच. तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी येळ्ळूरच्या कुस्तीच्या मैदानात पहिल्यांदा इतक्या जवळनं ऐकली. पैलवान मातीत उतरला, हलगी कडाडली, आणि माझ्या हातातला उसाचा रस पार अंगावर सांडला. तिथल्या हलगीवाल्यांच्या मागं लागून शिकले. आता आमचा बँड आहे, चौघांचा. येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा गिटार वाजवतो आणि गातो, टिळकवाडीतली एक शिक्षिका कीबोर्डवर, तिचा भाऊ ड्रमवर, आणि मी. त्या तिघांना हलगी म्हणजे एक वाद्य, बस्स. मलाही ती तेवढीच वाटावी म्हणून मी किती धडपडले, तुम्हाला सांगून पटणार नाही.

कारण मला निपाणीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे, मी पिठाचा रिकामा डबा पालथा घालून दोन्ही हातांनी बडवते आहे, आणि आईची मान त्या तालावर हलते आहे. तिची बोटंही त्याच तालात पानं गुंडाळतात. मला वाटतं, आता आई गाणार. तेवढ्यात दारात तुम्ही. खाकी शर्ट घामानं भिजलेला, खांद्याला तिकिटांची चामडी पिशवी. तुम्ही ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "हात खाली." आणि मग, "हे आपल्या घरात वाजणार न्हाय." जेवला नाही त्या दिवशी. मला वाटलं, डब्याला पोचा आला म्हणून. पुष्कळ दिवसांनी आईनं सांगितलं की आजोबा गावात लोकांच्या दारात हलगी घेऊन उभे असायचे. लग्न कुणाचं, बारसं कुणाचं, पाहुणे आत जाऊन पोटभर जेवायचे आणि हे शेवटचा पाहुणा येईपर्यंत बाहेर वाजवत. जेवण मिळालं तर मागच्या बाजूला, उरलेलं. आपल्या वस्तीनं दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, तेव्हा आजोबांची हलगी तुम्ही स्वतःच्या हातानं वेदगंगेत सोडलीत.

आणि मग ते कीबोर्डचं. तुम्ही कोल्हापूरची ड्युटी करून आला, ड्रायव्हरच्या मागं ठेवून आणलेलं खोकं माझ्यापुढं ठेवलं. लहानसा कीबोर्ड, पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं मावायची नाहीत. म्हणाला, "ह्यो वाजव. ह्यो बसून वाजवायचा असतोय." तेव्हा मला ते वाक्य चमत्कारिक वाटलं. बसून काय, उभं काय! आता कळतं. तुम्ही आयुष्यभर बसमध्ये उभे. कंडक्टरची एक सीट असायची, तीही कुणा तरी म्हातारीला दिलेली असायची. रात्री आई तुमचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवायची. तुमच्या लेकीनं बसून करायचं काम करावं, बसून वाजवायचं वाद्य वाजवावं, एवढंच तुमचं मागणं होतं. काम तर मी बसूनच करते, आप्पा. इतकं बसते की कंबर धरते. कीबोर्ड मात्र कधी जमला नाही. अजून कपाटावर आहे, त्याच्या दोन पट्ट्या उंदरांनी खाल्ल्या.

असो. बँड काढला म्हणून कुणी वाजवायला बोलावतं असं नाही, हे आम्हाला लवकरच कळलं. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेचा मालक म्हणाला, "हलगी कशाला ओ? दोन-चार हिंदी गाणी हळू आवाजात म्हणा, गिऱ्हाइकाला बोलता आलं पायजे." म्हणजे आम्ही वाजवायचं, पण ऐकू जाता कामा नये! टिळकवाडीतल्या एका सभागृहाच्या सेक्रेटरींनी चहा पाजला, आमचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे हो, पण आमच्याकडं भावगीत, नाट्यगीत. तुमचं जरा मैदानातलं वाटतं." हायवेवरच्या रिसॉर्टवाल्यानं तर तोंडावर सांगितलं की डीजे बरा, तो जेवण मागत न्हाय. आमचं एक गाणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड आहे. इकडल्या मराठी मंडळींनी सांगितलं, कन्नड अर्धं गाळा. तिकडल्या कन्नडवाल्यांनी सांगितलं, मराठी अर्धं गाळा. दोघांचं ऐकलं असतं तर नुसता ठेका उरला असता. आणि सगळ्यात डोक्यात गेला तो एक संयोजक, बोलायला अगदी गोड. माझं आडनाव ऐकलं आणि म्हणाला, "मग तुमचा सीझन एप्रिलात ना? जयंतीला बोलावतो की!" जयंतीला मी वाजवतेच, आप्पा, हक्कानं वाजवते, कुणी बोलावलं नाही तरी वाजवीन. पण उरलेले अकरा महिने आम्ही काय करायचं? पेटीत बसायचं?

अशात या नव्या हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. उद्घाटनाचा कार्यक्रम, मोठमोठे पाहुणे. त्यानं आमचा व्हिडिओ मोबाईलवर बघितला होता. "तुमची हलगी लई भारी हाय मॅडम! तीच पायजे." आप्पा, कानावर विश्वास बसेना. पहिल्यांदा कुणीतरी हलगी गाळा न म्हणता हलगीच पाहिजे म्हणत होतं. आम्ही येळ्ळूरला त्या गिटारवाल्याच्या भाताच्या शेतात, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, तालमी केल्या. त्याची आई पोह्यांची परात आणून ठेवायची आणि बांधावर बसून ऐकायची. मी नवी साडी घेतली. आईला सांगितलं, ऑफिसचा कार्यक्रम आहे. तिनं नुसतं हलगीच्या पिशवीकडं बघितलं.

हॉलवर पोचलो तर दारात फुलांची ही मोठी कमान. तिघं वाद्यं आणि वायरी घेऊन आत निघाले, मी त्यांच्या मागं. मॅनेजर आडवा आला. हातात गुलाबी फेटा.

"मॅडम, तुम्ही हितंच. कमानीपाशी उभ्या राहा. पाहुणे येतील तसं वाजवा. ह्यो फेटा बांधा, फोटो झकास येतील."

मी म्हटलं, "आमचा कार्यक्रम स्टेजवर आहे ना?"

"त्यांचा हाय की. गिटार, कीबोर्ड, ड्रम. वर तीन खुर्च्या मांडल्यात. हलगी दारात."

 मी काही बोलायच्या आत आमचा गिटारवाला परत आला. वाईट मुलगा नाही तो, लक्षात घ्या. मला आक्का म्हणतो, माझ्या आईला दवाखान्यात घेऊन जातो. तो म्हणाला, "आक्का, दहा मिनिटांचा तर प्रश्न हाय. पाहुणे आत आले की वर ये. एवढ्या दिवसांनी बुकिंग मिळालंय, घालवू नको गं."

"मग तू थांब दारात."

"थांबतो की! त्यात काय?" असं म्हणून हा खरंच गिटार गळ्यात घालून कमानीखाली जाऊन उभा राहिला. खरंच सांगते, त्याला काही कळलं नव्हतं. त्याच्या मनात पाप नव्हतं. मॅनेजर मात्र धावत गेला. "ओ सर, तुम्ही कुठं? गिटार दारात बरी दिसती काय? आत चला, आत चला."

तेव्हा पोरानं माझ्याकडं बघितलं. मग मॅनेजरकडं. म्हणाला, "मग हिची हलगी दारात कशी बरी दिसती?"

मॅनेजर हसला. अगदी साधं, लहान मुलाला समजवावं तसं. "अहो, ते तसंच असतंय."

त्यानं शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण ते तसंच असतंय! कुणी ठरवलं? मी बँकेत याच माणसाच्या मालकाच्या कर्जाची फाईल बघायला बसते तेव्हा मला खुर्ची मिळते, आत एसीत, वर चहा. आणि हातात हलगी आली की माझी जागा आपोआप दारात! त्यांना हलगीचा आवाज पाहिजे, फोटो पाहिजे, फेटा पाहिजे, वाजवणारी पाहिजे, फक्त ती उंबऱ्याच्या अलीकडं पाहिजे. आमच्या शिक्षिकेनं काही न विचारता वायरी गुंडाळायला घेतल्या. तिचा भाऊ ड्रम सुटे करायला लागला. मॅनेजर म्हणाला, असं केलात तर तुम्हाला या भागात कुणी बोलावणार न्हाय. मी म्हटलं, आत्तापर्यंत कुठं रांग लागली होती?

येताना रस्त्यात चहाला थांबलो. गिटारवाल्याचा ग्लास तसाच हातात. म्हणाला, "आमच्या ताईच्या लग्नात पण हलगी दारातच होती आक्का. मी त्यांच्यापुढं नाचलो. त्यांना पाणी दिलं का कुणी, ते काय आठवत न्हाय." मी त्याला धीर दिला नाही. चहा पी, निवला, एवढं म्हटलं.

आता तुमच्यावरचा राग. होय, तुमच्यावरही आहे. तुम्ही तेव्हा जे ओळखलंत ते बरोबर निघालं, म्हणून जास्तच आहे. तुमचं म्हणणं असणार, सांगितलं होतं ना, ही हातात घेतलीस की दारातच उभं करतील. पण आप्पा, तुम्ही हलगी सोडलीत, अगदी योग्य केलंत, मी तुमच्या जागी असते तर मीही सोडली असती. त्या लोकांनी मात्र काय सोडलं? दारातली ती जागा त्यांनी अजून झाडून-पुसून राखून ठेवली आहे. मग चूक त्यांची असताना घरी हलगीनं का बसायचं? तिच्या आवाजाचा काय दोष? डब्यावर आईची मान हलत होती, आप्पा. तुमचा पायसुद्धा हलला होता, दारात, बूट काढायच्या आधी. मी बघितलं होतं. म्हणूनच तुम्ही एवढे चिडला असं मला आता वाटतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी निपाणीतनं एका बाईंचा फोन आला. विडी कामगार बायकांचा मेळावा, जुन्या तंबाखूच्या वखारीत. मी तारीख विचारायच्या आधी विचारलं, "स्टेज आहे का?"

"हाय की. लहान हाय."

"खुर्च्या चार लागतील. चारी स्टेजवर."

"चारच व्हय?" बाई हसल्या. "अजून घ्या की, शंभर आणल्यात."

मला फोनवरच रडू आलं. काय पण कारण! गेलो. वखारीत अजून तंबाखूचा वास भरून आहे, बायका शिंकत होत्या आणि हसत होत्या. स्टेजवर चार खुर्च्या एका ओळीत. आईला मी या वेळी खरं सांगून नेलं होतं, ती पहिल्या रांगेत बसली. ते अर्धं मराठी, अर्धं कन्नड गाणं आम्ही अख्खं म्हटलं, कुणी काही गाळायला सांगितलं नाही. बायकांची बोटं मांडीवर चालायला लागली, विडी वळताना चालतात तशी. आणि आई गायली, आप्पा. तोंडातल्या तोंडात, पण गायली.

घरी येताना बसमध्ये मात्र तिनं विचारलंच, "एवढी खुर्ची मागून घेतलीस, आणि टेकली न्हाईस व्हय गं?"

तिला नाही, तुम्हाला सांगते. हे काही कुठं पोचायचं नाही, म्हणूनच सांगता येतं. बसून वाजवायचं मी करून बघितलं होतं. त्या हॉलवरनं आल्यापासून रोज, बँकेतनं येऊन, दार लावून, तुमच्या त्या लाकडी खुर्चीवर बसून. तुमच्यासाठीच. जमत नाही, आप्पा. हात मोकळा होत नाही, आवाज मांडीत अडकतो. हलगी उभं राहूनच वाजते. म्हणून मी उभी राहिले, पण वर, आणि माझी खुर्ची माझ्या मागं होती.